मुलीचे नाव हजेरीपटावर टिकले पाहिजे

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात एक आगळा नामकरण समारंभ झाला. जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने त्या दिवशी २८५ मुलींना नवी नावे मिळाली. त्याआधी त्यांची ओळख एकाच शब्दाने होत असे : नकुशा किंवा नकोशी. मुलीच्या पाठीवर पुन्हा मुलगी झाली की तिचे नाव नकुशा ठेवायचे, म्हणजे पुढच्या खेपेला तरी मुलगा होतो, अशा समजुतीतून पडलेले हे नाव. समारंभाची छायाचित्रे वृत्तपत्रांनी छापली, परदेशातही बातमी गेली. उपक्रम स्तुत्य होता, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

तथापि या हकिकतीतला एक तपशील मनातून जात नाही. त्या मुलींपैकी अनेक जणी शाळेत जाणाऱ्या होत्या. म्हणजे रोज सकाळी गुरुजींनी हजेरीपट उघडून 'नकुशा' अशी हाक मारायची आणि त्या मुलीने उभे राहून 'हजर' म्हणायचे, असा परिपाठ वर्षानुवर्षे चालला होता. घराने ठेवलेले नाव शाळेने निमूटपणे शाईने लिहून घेतले. शाळा ही समाज बदलणारी संस्था आहे, असे आपण सभांतून सांगतो. येथे समाजाचा निरोप त्या मुलीच्या कानावर घालण्याचे काम शाळाच दररोज करीत होती. २०११ साली नाव बदलले. ज्या हिशेबातून ते नाव पडले, तो हिशेब बदलला काय, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. मुलीच्या जन्माला जो हिशेब लावला जातो, तोच पुढे तिच्या शिक्षणालाही लावला जातो.

हे सारे घडले कोणत्या जिल्ह्यात, हेही लक्षात घ्यावे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी याच जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात, नायगावी झाला. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण. ते कोरेगावला लागून असलेल्या खटाव तालुक्यात. नवव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला गेलेल्या नायगावच्या या मुलीने पतीच्या हाताखाली अक्षरे गिरवली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उभी राहिली, तेव्हा ती तेथे शिक्षिका झाली. दरवर्षी ३ जानेवारीला नायगावात मान्यवरांच्या गाड्यांची रांग लागते, भाषणे होतात, पुष्पहार पडतात. त्याच जिल्ह्यात त्यानंतर १६३ वर्षांनी २८५ मुलींचे 'नको' हे नाव पुसण्यासाठी शासनयंत्रणेला समारंभ करावा लागतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याचे धैर्य आपण दाखवले पाहिजे.

कोरेगाव तालुक्याचेच उदाहरण घेऊ. कोरेगाव हे काही आडबाजूचे ठाणे नाही. पुणे–मिरज लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे, बाजारपेठ आहे, माध्यमिक शाळा आहेत, रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे. तालुक्याच्या एका भागात धोमच्या कालव्याचे पाणी खेळते, आले आणि ऊस पिकतो. उत्तरेकडे देऊर, वाठार, पिंपोडे या बाजूला पाऊस बेताचा. तिकडचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध असून त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. अशा तालुक्यात मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न तो काय उरला, असे कोणी विचारील. शाळेच्या पटावर पहिलीत जितकी मुले तितक्याच मुली दिसतात, हेही तो दाखवून देईल.

पहिलीचा पट पाहून समाधान मानण्याची ही सवयच आपल्याला फसवीत आली आहे. गावात जिल्हा परिषदेची शाळा असते ती चौथी-पाचवीपर्यंत, फार तर सातवी-आठवीपर्यंत. माध्यमिक शाळा जरा मोठ्या गावात. अकरावी-बारावी त्याहून मोठ्या गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी. पदवीच्या वरचे किंवा व्यावसायिक शिक्षण साताऱ्याला, कराडला, पुण्याला. म्हणजे शिक्षणाची प्रत्येक पायरी ही घरापासून आणखी काही मैल दूर जाण्याची पायरी आहे. मुलाच्या बाबतीत हे अंतर मैलांनी मोजले जाते. मुलीच्या बाबतीत तेच अंतर काळजीने, अब्रूने, लोकांच्या तोंडाने आणि संध्याकाळच्या अंधाराने मोजले जाते. शेवटची गाडी चुकली तर मुलगा कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून घरी येतो आणि त्याची चर्चा होत नाही. मुलीची शेवटची गाडी चुकली तर कित्येकदा तिचे शिक्षणच संपते.

दुसरे अंतर घराच्या आतले आहे. आल्याची लागण, भांगलण, घेवड्याची काढणी, कांद्याची काढणी ही सारी कामे बाईच्या हातांवर चालतात. आई रोजंदारीवर किंवा स्वतःच्या रानात गेली, म्हणजे मागे उरलेली चूल, पाणी, जनावरांचे शेण आणि धाकटी भावंडे कोणाच्या वाट्याला येतात? दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या. तिचे हे श्रम कोणत्याही जमाखर्चात मांडले जात नाहीत, म्हणून ते नाहीतच असे आपण धरून चालतो. वस्तुतः गरीब शेतकरी कुटुंबाची अर्थव्यवस्था या न मोजलेल्या श्रमावर उभी असते. मुलगी शाळेत गेली तर घराला मजूर गमवावा लागतो. तेव्हा 'पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही', हे शहरी निदान वरवरचे आहे. पालकांना महत्त्व चांगले कळते. मुलाच्या शिक्षणासाठी ते रान गहाण टाकतात, ते काही महत्त्व न कळल्यामुळे नव्हे.

या दोन अंतरांच्या जोडीला तिसरी गोष्ट येते ती लग्नाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातल्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेले होते. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण २६.३ टक्के होते. घट झाली, हे खरे. तरीही पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्यात दर पाच स्त्रियांमागे एकीहून अधिक बालवधू होती, हेही तितकेच खरे. आपण बालविवाहाला शाळा सोडण्याचे कारण समजतो. पुष्कळदा क्रम उलटा असतो. मुलगी आधी शाळेतून घरी बसते. घरी बसलेली मुलगी डोळ्यांत भरू लागते. मग स्थळे पाहणे सुरू होते. शिकत असलेल्या मुलीच्या बापाला 'एवढे वर्ष होऊ द्या' असे म्हणता येते. शाळा सुटली की तेवढाही आधार त्याच्या हाती राहत नाही.

नेमक्या या वळणावर कायदा काय करतो? सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अठराव्या वर्षापर्यंतच्या शिक्षणाची भाषा आहे, कायदा मात्र चौदावरच थांबलेला आहे. म्हणजे मुलीला ज्या वर्षी गाव सोडून पुढच्या शाळेत जावे लागते, घरात तिच्या कामाची किंमत ज्या वर्षी वाढते आणि लग्नाची कुजबूज ज्या वर्षी सुरू होते, त्याच वर्षी राज्यसंस्था आपला हात काढून घेते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली होती आणि मुलींच्या शिक्षणाचा अधिक उदारपणे प्रसार करावा असेही सुचवले होते. रयतेच्या घामातून येणारा सारा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार होती. जवळजवळ दीड शतकानंतर आपण बाराचे चौदा केले आहेत!

यावर सरकारपक्षाचे उत्तर ठरलेले आहे. मुलींना बारावीपर्यंत शुल्क माफ आहे. ग्रामीण विद्यार्थिनींना एस. टी.चा मोफत पास आहे. मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना एस. टी.त निम्मे भाडे आहे. आणि २०२४–२५ या शैक्षणिक वर्षापासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले आहे. या प्रत्येक निर्णयाचे आपण स्वागत केले पाहिजे. विरोधी विचाराचे आहोत म्हणून चांगल्या गोष्टीला नाके मुरडणे आपल्याला शोभणार नाही. परंतु या साऱ्या सवलतींचा रोख कोठे आहे, तेही पाहावे. शुल्क हा मुलीच्या शिक्षणातला सर्वांत लहान खर्च आहे. व्यावसायिक महाविद्यालयाच्या दारात पोहोचलेल्या मुलीला शुल्कमाफीचा उपयोग होतो. जी आठवीनंतरच चुलीशी बसली, तिला होत नाही. पास मोफत असला तरी शाळा सुटण्याच्या वेळेला गाडी असावी लागते. 'लाडकी बहीण' योजनेचे अनुदान एकविसाव्या वर्षापासून मिळते. बहीण एकविसाव्या वर्षी लाडकी होते हे चांगलेच आहे, पण पंधराव्या वर्षी ती कोणाची कोण असते?

दुसरे उत्तर दहावी-बारावीच्या निकालांचे. दरवर्षी मुलींच्या उत्तीर्णतेचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असते, मग अडचण कसली? निकाल लागतो तो परीक्षेला बसलेल्यांचा. वाटेत गळालेल्या मुलींचा निकाल कोणतेही मंडळ लावीत नाही. शिवाय चुलीपाशी बसून, धाकट्या भावाला सांभाळून, चालत शाळा गाठून ज्या मुली मुलांपेक्षा पुढे जातात, त्यांच्या यशातून व्यवस्था निर्दोष असल्याचे सिद्ध होत नाही. गळालेल्या मुलींबरोबर समाजाने काय गमावले, याचाच तो अंदाज आहे.

आणि एक मुलगी अशी आहे जी या तालुक्याच्या पटावर मुळी येतच नाही. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून, ऊसतोडणीच्या टोळ्या सातारा-सांगलीच्या कारखान्यांकडे येतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, मुकादम त्या कोयत्यावर उचल देतो. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि चार-पाच महिने संसार तेथेच होतो. त्या कोपीत लहानग्याला सांभाळणारी, पहाटे आईबरोबर उठणारी आठ-दहा वर्षांची मुलगी कोणत्या शाळेची? तिच्या गावच्या पटावर ती गैरहजर, आपल्या गावच्या पटावर ती नाहीच. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहांच्या योजना निघाल्या. कोठे चालल्या, कोठे कागदावर राहिल्या. जोडीने कोयता होतो म्हणून मुलीचे लवकर लग्न लावण्याची घाई या कष्टकऱ्यांत होते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. बागायती भागाची समृद्धी ज्या श्रमावर उभी आहे, त्या श्रमाची किंमत या मुलीचे बालपण देऊन चुकवली जाते. वर्गाचा आणि स्त्रीत्वाचा प्रश्न वेगवेगळा आहे असे मानणाऱ्यांनी एकदा त्या कोपीपाशी जाऊन यावे.

मग मार्ग कोणता? तो शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. तो याच जिल्ह्याच्या मातीत सापडलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ साली महात्मा गांधी ते पाहून गेले. भाऊरावांचे मोठेपण आपण 'कमवा आणि शिका' या सूत्रात पाहतो, ते योग्यच. पण त्यांनी ओळखलेली मूळ गोष्ट अशी की, गरिबाच्या मुलाला नुसती शाळा पुरत नाही. त्याला राहायला जागा, पोटाला भाकरी आणि घरच्या कामाच्या ओढीपासून दूर बसून वाचण्याइतका मोकळा वेळ लागतो. बहुजन समाजाच्या दोन-तीन पिढ्या शिकल्या त्या वसतिगृहांच्या जोरावर.

त्या वसतिगृहाचा संसार लक्ष्मीबाईंनी ओढला. मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या गेल्या. एका स्त्रीच्या त्यागावर मुलगे शिकले. त्याच प्रमाणात मुलींना घराबाहेर राहून शिकण्याची सोय झाली काय? मुलींची वसतिगृहे मुळीच नाहीत असे नाही. समाजकल्याण खात्याची आहेत, काही शिक्षणसंस्थांची आहेत. पण वाड्यावस्त्यांवरच्या प्रत्येक मुलीला नववीत जाताना 'तुझी राहण्याची सोय आहे' असे निःशंकपणे सांगता येईल, इतकी ती खासच नाहीत. मुलगा वसतिगृहात गेला तेव्हा घर त्याच्यावाचून चालले. मुलीवाचूनही घर चालू शकते, हे आपण अजून घराला पटवलेले नाही आणि शासनाकडून त्यासाठी पैसाही मागून घेतलेला नाही.

उलट प्रवाह दुसऱ्याच दिशेने वाहतो आहे. २०२३ साली राज्याच्या शिक्षणखात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळांची संख्या राज्यात चौदा हजारांहून अधिक होती. खर्चाच्या दृष्टीने हा विचार सोयीचा असेल. परंतु जे अंतर आज मुलीला नववीत आडवे येते, ते उद्या दुसरी-तिसरीतच आडवे येईल. गावातली शाळा बंद होऊन पुढच्या गावी गेली, तर त्या घरातून आधी कोणाचे नाव कमी होईल, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

या ठिकाणी आपल्या स्वतःच्या भाषेकडेही जरा पाहिले पाहिजे. 'मुलगी शिकली, प्रगती झाली', 'एक मुलगी शिकली म्हणजे सारे कुटुंब शिकते', ही वाक्ये आपणही व्यासपीठावरून बोलतो. त्यांत असत्य काही नाही, पण सारा विचार इतरांच्या फायद्याचा आहे. मुले निरोगी होतील, घर नीटनेटके चालेल, सासरचा उद्धार होईल, म्हणून मुलीला शिकवावे! मुलाच्या शिक्षणासाठी असा युक्तिवाद कोणी करीत नाही; तो माणूस आहे एवढे कारण त्याला पुरते. मुलीलाही तेवढेच कारण पुरले पाहिजे. शिकून ती आपल्या मतीने काय करील, कोणाशी लग्न करील किंवा करणार नाही, हा तिचा अधिकार आहे. हे मान्य नसेल तर आपण तिला अधिक उपयुक्त गृहिणी बनवण्यापुरतेच शिक्षण देऊ करीत आहोत, हे प्रामाणिकपणे कबूल करावे.

आणि कार्यकर्त्यांच्या घरांचे काय? प्रस्तुत लेखक स्वतःला यातून वगळीत नाही. मुलाला स्पर्धापरीक्षेसाठी पुण्याला खोली घेऊन द्यायची आणि त्याच्याहून हुशार बहिणीला 'जवळचे कॉलेज काय वाईट आहे' असे समजावायचे, हा प्रकार समतेची गाणी म्हणणाऱ्या घरांतही होतो. मुलीच्या शिक्षणावर खर्च केला की हुंडा वाचत नाही, उलट शिकलेला जावई शोधताना वाढतो, हे त्यामागचे न बोललेले गणित असते. १९४३ ते १९४६ या काळात याच सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा आजचा सांगलीचा भागही होता, प्रतिसरकारने साध्या, कमी खर्चाच्या गांधीविवाहांचा पायंडा पाडला. परकी सत्ता डोक्यावर असताना जे आपल्या आजोबांना जमले, ते आज आपल्या घरच्या कार्यात जमू नये?

तेव्हा मागण्या करायच्या त्या नेमक्या करू आणि कामही नेमके अंगावर घेऊ. प्रत्येक शाखेने आपल्या गावात पाचवी, आठवी आणि दहावीनंतर कोणत्या मुलींची नावे पटावरून गेली, त्यांची यादी शाळेच्या व पालकांच्या मदतीने करावी. त्या मुलींची नावे चव्हाट्यावर न आणता, गळतीचा आकडा आणि कारणे ग्रामसभेत मांडावीत व ठरावात नोंदवावीत. एस. टी.चे वेळापत्रक शाळा-महाविद्यालयांच्या वेळांशी जोडून घेण्यासाठी विद्यार्थिनींनाच पुढे घालून शिष्टमंडळे न्यावीत. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी नववीपासून पुढच्या, कोणत्याही जातीच्या गरीब मुलींसाठी सरकारी खर्चाने चालणारे वसतिगृह हवे, आणि शिक्षणहक्काची मर्यादा अठरा वर्षांपर्यंत न्यावी, या आपल्या प्रमुख मागण्या असाव्यात. हंगाम सुरू होताच ऊसतोडणीच्या टोळ्यांतील मुलांची नोंद जवळच्या शाळेत करून घ्यावी. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. त्याला एकटे न सोडता त्याच्या पाठीशी उभे राहावे, कारण भावकीच्या दबावापुढे एकटा नोकरमाणूस वाकतोच.

यातले कोणतेही काम डोळे दिपवणारे नाही. त्यातून मते किती मिळतील, असा प्रश्न कोणी विचारला तर प्रामाणिक उत्तर 'ठाऊक नाही' असेच द्यावे लागेल. पण २०११ साली ज्या २८५ मुलींनी नवी नावे घेतली, त्यांच्यातल्या कित्येक जणी आज आयांच्या वयाच्या आहेत. उद्या त्यांच्या मुली शाळेत जातील. त्यांची नावे चांगली असतील, याची खात्री आहे. ती नावे दहावीच्या, बारावीच्या आणि त्यापुढच्याही हजेरीपटावर वाचली जातील की नाही, हे बरेचसे आपल्या या वर्षीच्या कामावर अवलंबून आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आपल्या गावच्या नववीच्या वर्गात जाऊन कोण आले नाही एवढे तरी आपण विचारून यावे, आणि जी आली नसेल तिच्या घरी त्याच संध्याकाळी जावे.